ससा म्हणून लिहिलेली बुंदी

काट्यावर आकडा आला चारशे साठ. मी काटा शून्य केला आणि तिला परत ठेवलं. चारशे साठच.

"मॅम, कमी आहे का?" रुचाने विचारलं.

तिच्या हातात मोबाइल होता आणि रेकॉर्डिंग सुरू होतं. ते मला दिसत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आपल्याला माहीत नव्हतं असं मी नंतर स्वतःला बरेचदा पटवून पाहिलं आहे.

टेबलावर एक गिनीपिग होती. मादी, पांढऱ्या अंगावर पिवळे-तपकिरी ठिपके. वाढ झालेली गिनीपिग आठशे-नऊशे ग्रॅमची असते. ही त्याच्या निम्मी. पाठीवरून हात फिरवला तर कण्याचा मणी न् मणी बोटाला लागत होता. पोटाखालचे केस लघवीने चिकटून त्यांचे गठ्ठे झाले होते. मागच्या पायांची नखं वाढून गोल वळली होती आणि त्यातलं एक तळव्यात रुतलं होतं. पुढचे दात इतके लांब की तोंड नीट मिटत नव्हतं. मागचे दोन्ही गुडघे सुजलेले. मी एका गुडघ्याला नुसतं बोट लावलं तर ती किंचाळली.

माझं क्लिनिक नागपुरात उमरेड रोडला आहे. बावीस वर्षं झाली. कुत्री-मांजरी जास्त, अधूनमधून पोपट, ससे. गिनीपिग क्वचितच. पण हा आजार ओळखायला फार हुशारी लागत नाही. आपण माणसं आणि गिनीपिग यांच्यात एक साम्य आहे. दोघांच्याही शरीरात व्हिटॅमिन सी तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. कुत्र्याला, मांजरीला, सशाला ही अडचण नाही. गिनीपिगला ते मिळालं नाही तर सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, हाडं दुखतात, मग ती हलत नाही आणि खातही नाही. याला स्कर्व्ही म्हणतात. उपाय सोपा आहे. रोज मूठभर हिरवी भाजी.

"काय खायला देत होते हिला?" मी विचारलं.

"सशाच्या पेलेटचं पाकीट होतं पिंजऱ्याजवळ. हिरवं काहीच नाही. गवत पण नाही. पाणी होतं."

पेलेट म्हणजे दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या. सशासाठीच्या गोळ्यांत व्हिटॅमिन सी वेगळं घालत नाहीत, सशाला लागतच नाही. जे थोडंफार असतं त्यावर ही तग धरून राहिली होती.

रुचा बँकेत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात चार-पाच मैत्रिणींना घेऊन जनावरं सोडवून आणते. गोळीबार चौकाच्या मागच्या एका गल्लीतून कोणा शेजाऱ्याचा तिला फोन आला होता. गॅलरीत पिंजरा आहे, आत काहीतरी निपचित पडलं आहे. या मुली गेल्या. दार एका म्हाताऱ्या माणसाने उघडलं.

"भांडले का?"

"नाही न, मॅम. उलट म्हणे घेऊन जा, बरी करा. म्हणजे बघा, त्यांना काही पडलंच नव्हतं."

मला राग आला. नख तळव्यात रुतायला कित्येक महिने लागतात, आणि तेवढे महिने कोणीतरी रोज त्या पिंजऱ्यासमोरून जात असतं. मी मोबाइलकडे पाहून बोलले, अगदी स्पष्ट, शिकवताना बोलतात तसं.

"हा आजार आपोआप होत नाही. हा माणसाने केलेला आहे. ज्या घरात ही होती त्या घरातल्यांनी जनावर पाळूच नये."

रुचाने मोबाइल खाली केला. "थँक यू, मॅम. लोकांना हे कळलं पाहिजे."

तो व्हिडिओ त्या संध्याकाळीच गेला. आधी त्यांनी गल्लीत घेतलेलं दृश्य होतं. लोखंडी दार, गॅलरी, बनियन घातलेले एक आजोबा पिंजरा उचलून देताना. मग टेबलावरची गिनीपिग. मग मी. मी तो पूर्ण पाहिलाही नाही. कल्पनाने कोणाच्या तरी स्टेटसवर पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, मस्त बोलल्या तुम्ही."

कल्पना माझ्याकडे पंधरा वर्षांपासून आहे. काउंटर, केस पेपर, इंजेक्शन भरणं, जनावर धरणं, सगळं तीच पाहते.

मुलींनी गिनीपिगचं नाव होप ठेवलं. तिचं आधीचं काही नाव असेल असं आम्हा कोणाच्याच मनात आलं नाही.

उपचार सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. ते नीट झाले.

पहिल्या दिवशी कातडीखाली सलाइन, व्हिटॅमिन सीचं इंजेक्शन, दुखणं कमी करायचं औषध. रुतलेलं नख कापून काढलं, जखम धुतली. पुढचे दात बारीक कटरने छाटले. केसांचे गठ्ठे कापले, पण अंघोळ घातली नाही. इतक्या अशक्त जनावराला ओलं केलं तर ते गारठून जातं. अँटिबायोटिक निवडताना जपावं लागतं. कुत्र्याला आपण डोळे झाकून देतो ती काही औषधं गिनीपिगच्या पोटातले चांगले जंतू मारून टाकतात आणि दोन दिवसांत जनावर जातं.

सगळ्यात मोठं काम खाऊ घालायचं. गिनीपिगचं आतडं सतत चालू लागतं. दिवसभर काही पोटात गेलं नाही तर ते थांबतं, आणि थांबलेलं आतडं पुन्हा चालू करणं फार कठीण. म्हणून दर तीन-चार तासांनी सिरिंजने भरवायचं. मी गिनीपिगचं खाद्य भिजवायची, त्यात ढोबळी मिरची आणि सांबार मिक्सरमधून काढून घालायची. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. सुई काढलेली सिरिंज तोंडाच्या बाजूने आत सारायची आणि थेंब थेंब सोडायचं. घाई केली तर फुप्फुसात जातं. एका वेळी दहा मिली भरवायला मला पाऊण तास लागायचा. दिवसा कल्पना आणि मी वाटून घ्यायचो. क्लिनिक बंद झालं की टोपली माझ्यासोबत घरी.

दुसऱ्या दिवशी वजन आणखी पंधरा ग्रॅमने उतरलं. तिसऱ्या दिवशी तेवढंच राहिलं. चौथ्या दिवशी हलकी भूल देऊन दाढा पाहिल्या, एकीची टोकदार कड जिभेला टोचत होती ती घासली. पाचव्या दिवशी दुपारी कल्पना ओरडली, "मॅडम, इकडं या लवकर!"

मला वाटलं गेली. जाऊन पाहिलं तर ती गवताची एक काडी तोंडात धरून बसली होती. काडी हळूहळू आत जात होती. आम्ही दोघी हात बांधून उभ्या राहून ती एक काडी संपेपर्यंत पाहत होतो.

आठव्या दिवशी पाचशे दहा. दहाव्या दिवशी ती चार पावलं चालली. आवाज मात्र काढत नव्हती. निरोगी गिनीपिग चांगली शीळ घालते, खाणं दिसलं की घर डोक्यावर घेते. ही अगदी गप्प होती. दुखण्याने असेल, असं मी धरून चालले.

बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते आले.

सत्तरीच्या पुढचे, उंच, धुतलेला पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. बाकावर बसले नाहीत. काउंटरसमोर उभे राहून आपली पाळी येईपर्यंत थांबले. मी एका लॅब्राडॉरचं ड्रेसिंग करून बाहेर आले तर कल्पना त्यांच्याकडे निरखून पाहत होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हे काका अगोदर येऊन गेले आपल्याकडे."

मी विचारलं, "काय काम होतं, काका?"

"मी पराते. ते बुंदी इथंच आहे न?"

"कोण बुंदी?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आधी हातातली पिशवी चुरचुरली. आणि आतल्या खोलीतून शीळ आली. लांब, चढत जाणारी, एकामागून एक. बारा दिवसांत आम्ही ऐकला नव्हता तो आवाज.

"तिले पिशवीचा आवाज समजते," काका म्हणाले. तोंडावर हसू आलं होतं, ते त्यांनी लगेच आवरलं. "आहे म्हणजे. जिती आहे. बरं झालं."

मी त्यांना आत घेतलं. व्हिडिओतला बनियनमधला माणूस हाच, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं आणि मी बोलायचं ते मनात जुळवत होते. ते पिंजऱ्याजवळ वाकले. बुंदी जाळीला नाक लावून उभी होती, त्या सुजलेल्या पायांवर. काकांनी जाळीतून एक बोट आत सारलं. तिने ते चाटलं.

"सांबार आणलं तिच्यासाठी," ते म्हणाले. "पण तुम्हाले इचारल्याबिगर नाही देणार."

"द्या की. विचारायचं काय त्यात?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. "आता चालते?"

"म्हणजे? कधी चालत नव्हतं?"

"तुम्हीच तं बंद केलतं, मॅडम."

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. दवाखान्याचे कागद लोक जपतात तसा, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला. वर माझ्या क्लिनिकचं नाव होतं. त्याखाली कल्पनाच्या अक्षरात: पराते, ससा, जुलाब. त्याखाली माझ्या अक्षरात: हिरवं बंद. फक्त रॅबिट पेलेट. तळाला 'पुन्हा दाखवणे' असं छापलेलं होतं आणि त्याच्यापुढची जागा कोरी होती.

दोन महिन्यांपूर्वीची, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती तेव्हाची ती सकाळ मला आठवली. तुकड्यातुकड्यांनी आठवली. पार्वोची साथ होती. पार्वो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा रक्ताच्या जुलाबांचा आजार. तीन पिल्लं सलाइनवर, चौथं टेबलावर, त्याची मालकीण रडत होती. टेबलाच्या कडेला कोणीतरी झाकणाची वेताची टोपली ठेवली. काय आहे? ससा आहे. काय होतंय? पोट बिघडलं. काय देता? सांबार, पालक, मेथी. हिरवं बंद करा. पेलेट द्या, मी सांगेपर्यंत.

टोपलीचं झाकण मी उघडलं नव्हतं.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही ससा म्हणाला होतात."

माझं पहिलं वाक्य हे होतं. समोर कागद धरून तो माणूस उभा होता आणि मी त्याला त्याची चूक दाखवत होते.

"हो न," ते म्हणाले. "ससाच म्हटलं मी. नात म्हणे आजोबा, याले गिनीपिग म्हणतात. पिग म्हणजे डुक्कर, एवढं मले समजते. आता डॉक्टरीणबाईसमोर डुक्कर आणलं म्हणून कसं सांगू? सशासारखंच दिसते, म्हणून ससा म्हटलं."

बाहेर एक कुत्रा भुंकत होता. कल्पना दारात उभी होती, ती आत आली नाही आणि गेलीही नाही.

मग मी जे तेव्हाच विचारायला हवं होतं ते विचारलं. पोट कशाने बिघडलं होतं? दिवाळीत पाहुण्यांच्या पोट्ट्यांनी पिंजऱ्यात चिवडा आणि लाडू टाकला होता. म्हणजे भाजीचा संबंधच नव्हता. त्याआधी तीन-चार वर्षं ती रोज सांबार, पालक, मैदानातलं गवत खात होती. नात सृष्टी अमरावतीला नर्सिंग शिकायला होस्टेलवर गेली, तेव्हा बुंदीला आजोबांच्या हवाली करून गेली होती. मुलगा बुटीबोरीला कंपनीत शिफ्टमध्ये, सून शाळेच्या पोषण आहाराच्या कामाला. दिवसभर घरी काका आणि बुंदी.

"तुम्ही म्हटलं मी सांगेपर्यंत बंद," ते म्हणाले. "मी वाट पाहून राहिलो. मग ते बारीक व्हायले लागली. मी म्हटलं औषधानं पथ्य असते, दम धरा लागते. सून म्हणे, थोडं सांबार टाकून पाहा. मीच नाही म्हटलं. मी म्हटलं, डॉक्टरच्या पुढं जाऊ नको."

"परत आणायचं होतं न, काका."

"दोनदा आलो. एक डाव बंद होतं. एक डाव लय गर्दी होती, हे बाई म्हणे संध्याकाळी या. संध्याकाळी मले दिसत नाही."

डोळ्यांत मोतीबिंदू होता. ते पूर्वी हातमागावर लुगडी विणायचे, माग बंद पडल्यावर एका कापड दुकानात कामाला होते. "तुटलेला धागा अंधारात सांधत होतो, मॅडम. आता तिचं नख कापाले भेव लागे. कुठं नख अन् कुठं बोट, समजतच नव्हतं."

"त्या मुली आल्या तेव्हा का नाही सांगितलं हे सगळं?"

"सांगतलं न. डॉक्टरीणबाईच्या सांगण्यावरून देऊन राहिलो म्हटलं. ते म्हणे कोणती डॉक्टर, कागद दाखवा. कागद नाही भेटला त्या टायमाले. परवा भेटला, गादीखाली." त्यांनी तो घडी करून परत पाकिटात घातला. "मी भांडाले नाही आलो, मॅडम. मले एवढंच इचारायचं होतं. ते जे मी दिलं, ते चूक होतं का?"

हो म्हणायचं होतं. चूक होतं आणि ते मी सांगितलं होतं, एवढंच वाक्य. मी म्हणाले, "काका, असं आहे, दोन्ही बाजूंनी थोडा गैरसमज झाला."

त्यांनी मान हलवली. सांबाराची एक जुडी काढून जाळीतून आत घातली, ती खाते आहे हे पाहिलं आणि नमस्कार करून गेले. जाताना त्यांनी कल्पनालाही नमस्कार केला.

कल्पना दुपारपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग डबा उघडताना म्हणाली, "ससा मीच लिहिलं होतं, मॅडम. मी पण नाही पाहिलं."

"पाहायचं काम माझं होतं," मी म्हणाले. हे तिला सांगता आलं. त्यांना सांगता आलं नाही.

संध्याकाळी मी रुचाला बोलावून सगळं सांगितलं आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. ती म्हणाली, "मॅम, एक विचारू? नखं पण पेलेटमुळे वाढली का? ते केस? तो पिंजरा तुम्ही पाहिला नाही. वास येत होता."

तिचं चूक नव्हतं. पिंजरा खरंच घाण होता. नखं खरंच कोणी कापली नव्हती. पण न दिसणाऱ्या माणसाने नख न कापणं आणि मी व्हिडिओत म्हटलं ते, यात फरक होता, आणि तो मी तेव्हा केला नव्हता.

"काढून टाकते," रुचा म्हणाली. "पण आमच्या पेजवरूनच निघेल. लोकांनी पुढे पाठवलेला कसा काढणार?"

"मग दुसरा घे."

दुसरा व्हिडिओ तिने प्रामाणिकपणे घेतला. त्यात मी बुंदीला मांडीवर घेऊन सांगितलं की हिला चुकीचा आहार मी लिहून दिला होता, टोपली न उघडता, आणि त्या घरातल्यांनी तो तंतोतंत पाळला. रुचाने तो त्याच पेजवर टाकला. पहिला गल्लीगल्लीत फिरला होता. दुसरा कोणी फारसा पुढे पाठवला नाही. चूक कबूल करणाऱ्या बाईचा व्हिडिओ कोण कोणाला पाठवणार?

माझ्या एका सीनियरांनी मात्र तो पाहिला. सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली काम केलं आहे. त्यांचा फोन आला.

"काय गरज होती? त्यांनी ससा सांगितला, तू सशाचं लिहून दिलंस. तुझी चूक कुठे?"

"टोपली उघडली नाही, सर."

"गर्दीत होतं असं. मी काय सगळ्या टोपल्या उघडतो?"

"माझ्या टेबलावर होती, सर. हात लांब करायचा होता फक्त."

"बरं. पण आता लोक येतील जुने कागद घेऊन, बघ तू." कोणी आलं नाही.

आणखी एका व्यक्तीने तो पाहिला. तीन दिवसांनी क्लिनिकच्या नंबरवर एका मुलीचा फोन आला.

"मी सृष्टी पराते. बुंदी माझी आहे."

मी सुरुवात केली की बुंदी आता बरी आहे, वजन सहाशेच्या वर गेलं आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पेशंटकडे न पाहता काही लिहायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं."

"बरोबर आहे तुझं."

"आजोबा मैदानावर जाऊन नाही राहिले आता. आई सांगत होती. पहिले रोज सकाळी जात होते. बुंदीसाठी गवत आणायला म्हणून जायचे, तिथं त्यांचे मित्र भेटायचे."

तिनेच फोन ठेवला.

सहा आठवड्यांनी बुंदीचं वजन सातशे साठ झालं. गुडघ्यांची सूज उतरली होती, अंगावर नवे केस आले होते, कोणीही दार वाजवलं तरी शीळ घालत होती. एका रविवारी सकाळी मी तिला टोपलीत घेऊन गोळीबार चौकाकडे गेले. गल्लीत पत्ता विचारावा लागला. ज्या बाईला विचारला ती म्हणाली, "ते व्हिडिओवाले का? पुढचं निळं दार."

दार सुनेने उघडलं. तिने मला ओळखलं. आत या म्हणाली नाही.

"आता काहून आल्या, मॅडम?"

"बुंदी बरी झाली. काकांना भेटायचं होतं. माफी मागायची होती."

"किराण्याच्या दुकानात मले म्हणतात, तुमच्याच घरचं न ते. शाळेतल्या बाया म्हणतात, म्हाताऱ्यालेही असेच उपाशी ठेवता का? मी काय सांगू त्यांना? तुमचा कागद घेऊन फिरू का?"

आतून काकांचा आवाज आला. "येऊ दे वं. उन्हात उभं काहून ठेवलं त्यांना?"

मी आत गेले. खुर्चीवर बसले नाही. या वेळी वाक्य आधीच ठरवून गेले होते आणि ते तसंच म्हटलं. "काका, तुम्ही विचारलं होतं ते चूक होतं का. हो, चूक होतं. ते मी सांगितलेलं होतं. तुमची काही चूक नव्हती."

ते म्हणाले, "असन. तुम्ही सांगून राहिल्या तं खरंच असन." त्यांनी बुंदीला दोन्ही हातांनी टोपलीतून उचललं, मांडीवर ठेवलं, पाठीवरून हात फिरवला. कण्याचे मणी शोधत असावेत. "भरली हो ही."

"ठेवून घ्या तिला. मी दर आठवड्याला येऊन नखं, दात पाहत जाईन. सगळं समजावून सांगते, लिहूनही देते."

लिहून देते म्हटल्यावर सून माझ्याकडे पाहत राहिली.

"नाही, मॅडम," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "माझ्या हातून नाही होत आता. नजर नाही. अन् उद्या तिले अजून काही झालं, तं मले वाटन माझ्यामुळंच झालं. तुम्ही कितीही सांगतलं तरी वाटन. घेऊन जा तिले."

मी बराच आग्रह केला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ओळखीच्या डॉक्टरांकडे नेते म्हणाले. "पोरगा नेणार आहे उन्हाळ्याच्या आधी," ते म्हणाले, आणि विषय संपवला. बुंदीला टोपलीत त्यांनी स्वतःच ठेवलं. चाचपडत झाकण लावलं. चहा झाला. सुनेने केला, पण स्वतः समोर बसली नाही.

बुंदी मनीषनगरच्या एका निवृत्त शिक्षक जोडप्याकडे गेली. त्यांच्याकडे आधीच दोन गिनीपिग होत्या आणि कळपात राहणारं जनावर कळपात पडलं. तिथे ती आणखी अडीच वर्षं जगली. शेवटी म्हातारपणानेच गेली, झोपेत. मी तिचे फोटो काकांच्या सुनेच्या नंबरवर पाठवत होते. ते पाहिल्याच्या निळ्या खुणा यायच्या. उत्तर कधी आलं नाही. सात-आठ फोटोंनंतर मी पाठवायचं थांबवलं. आपण ते नेमके कोणासाठी पाठवतो आहोत, असा प्रश्न मला पडला होता. ती गेल्याचं मी सृष्टीला कळवलं. तिने "ओके मॅडम" लिहिलं.

काका पुन्हा क्लिनिकमध्ये आले नाहीत. त्यांच्याकडे आता जनावर नाही, येतील कशाला?

व्यवसाय म्हणून पाहिलं तर ही माझी यशस्वी केस आहे. चारशे साठपासून सातशे साठपर्यंतचे आकडे रजिस्टरमध्ये आहेत, आणि नव्या डॉक्टरांना शिकवताना ते मी दाखवतेसुद्धा. आहार, दात, सिरिंजने कसं भरवायचं, सगळं. ती आजारी कशाने पडली हेही सांगते. पहिल्या दोन-तीन वेळा ते सांगितलं नव्हतं.

आमच्या केस पेपरवर तेव्हापासून एक जास्तीची ओळ छापली आहे: सध्याचा आहार कोणी सांगितला? ती भरल्याशिवाय कल्पना कोणालाही आत सोडत नाही. लोक शेजाऱ्याचं नाव सांगतात, दुकानदाराचं सांगतात, मोबाइलवर पाहिलं म्हणतात. अधूनमधून कोणी माझं सांगतं. मग मी हातातलं काम थांबवून आधी त्यांचा जुना कागद शोधायला लावते. त्यात पाच-दहा मिनिटं जातात. बाहेर बसलेले लोक कुरकुरतात. त्यांना कुरकुरू देते.